खेळाच्या तासास सर्वांस स्थान : अपंगांच्या क्रीडाकार्याचा परिचय

१. पाठाचा हेतू

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात खेळाच्या तासास जे स्थान दिलेले असते, ते केवळ मुलांच्या विरंगुळ्यासाठी नव्हे. शरीराची वाढ नीट व्हावी हा त्याचा पहिला हेतू खराच. परंतु त्याच तासास मूल नियम पाळावयास शिकते, हार सोसावयास शिकते, आणि सोबत्यावर विसंबून एखादे काम तडीस कसे न्यावे हेही शिकते. वर्गात पुस्तकातून जे सांगितले जाते, त्याची परीक्षा मैदानावर होते. हे शिक्षण शाळेतील प्रत्येक मुलाच्या हक्काचे आहे.

तथापि पुष्कळ शाळांतून असे आढळते की, ज्याचा पाय अधू आहे, ज्याचा हात अपघातात गेलेला आहे, अथवा जे चाकाच्या खुर्चीतून शाळेत येते, असे मूल खेळाच्या तासास ओसरीवर बसलेले असते. इतरांच्या चपला व दप्तरे सांभाळणे किंवा फार तर गुण मोजणे, एवढेच काम त्याच्या वाट्यास येते. शिक्षक हे कठोरपणाने करतात असे मुळीच नाही. बहुधा ते मायेपोटीच घडते. मुलास इजा होऊ नये, कोणी त्याला हसू नये, एवढीच त्यामागील इच्छा असते. परंतु परिणामाकडे पाहिले तर, आठवड्यात खेळाचे जितके तास असतात, तितक्या वेळा त्या मुलास न बोलता सांगितले जाते की, तू या वर्गाचा पुरता घटक नाहीस. आणि हेच उरलेल्या मुलांसही शिकविले जाते.

प्रस्तुत पाठात तीन गोष्टींचा विचार केलेला आहे. अपंगांसाठी खेळ ही कल्पना कोठे व कशी उदयास आली. लोकांच्या देणग्यांवर व स्वयंसेवेवर चालणाऱ्या संस्थांनी ती कशी वाढविली. आणि तिच्यापासून आपल्या लहान शाळेने, खर्च न करता, काय घ्यावे. आजच्या कायद्यात ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. पूर्वीच्या लेखनात ‘अपंग’ असा शब्द आढळतो. येथे दोन्ही शब्द एकाच आदराने वापरलेले आहेत.

२. एका रुग्णालयात झालेला आरंभ

पाठीचा कणा मोडून त्यातील मज्जारज्जूस इजा झाली, म्हणजे त्या जागेखालील शरीराची हालचाल व संवेदना जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळी अशा रुग्णांस वाचविता येत नाही, असाच वैद्यकाचा समज होता. पडून राहिल्यामुळे अंगास शय्याव्रण होत, मूत्रमार्गात जंतुदोष होई, आणि बहुतेक रुग्ण थोड्याच काळात दगावत. लुडविग गुटमन नावाचा एक तरुण १९१७ साली जर्मनीतील एका अपघात-रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करीत असता, पाठ मोडलेला एक धट्टाकट्टा खाणकामगार तेथे आणला गेला. हा काही आठवड्यांतच मरणार, याच्यासाठी फार खटपट नको, असे त्यास सांगण्यात आले. आणि तसेच घडले. तो प्रसंग गुटमन यांच्या मनातून कधी गेला नाही.

पुढे गुटमन नामांकित मज्जाशल्यचिकित्सक झाले. ते ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांना छळ सोसावा लागला, व १९३९ साली कुटुंबासह ते इंग्लंडास आले. दुसऱ्या महायुद्धात जखमी होणाऱ्या सैनिकांसाठी १ फेब्रुवारी १९४४ रोजी एल्सबरी गावानजीक स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात मज्जारज्जूच्या दुखापतींचे एक केंद्र उघडण्यात आले, व ते त्यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यांनी पहिली शिस्त घातली ती साधी होती. दिवसा व रात्रीही दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाची कूस बदलावयाची. या एका दक्षतेने शय्याव्रणांचे प्रमाण कमी झाले, आणि जे रुग्ण दगावत ते जगू लागले.

परंतु रुग्ण जगला म्हणजे प्रश्न संपला असे नव्हे. विशीतील तरुण, कमरेखाली निर्जीव झालेले शरीर घेऊन, उर्वरित आयुष्य छताकडे पाहत काढणार काय, हा पुढील प्रश्न होता. गुटमन यांनी रुग्णांस कामास लावले. सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन अशी कामे सुरू झाली, आणि त्यांच्या जोडीस खेळही आला. प्रथम चाकाच्या खुर्चीवर बसून पोलो खेळला गेला. तो फार धसमुसळा ठरल्याने पुढे बास्केटबॉल आला. तिरंदाजीस त्यांनी विशेष महत्त्व दिले. धनुष्य ओढताना हात, खांदे व पाठ यांचे जे स्नायू शाबूत आहेत ते बळकट होतात, बसलेल्या शरीराचा तोल सावरण्याची सवय होते, आणि मुख्य म्हणजे या खेळात बसलेला मनुष्य उभ्या मनुष्याशी बरोबरीने स्पर्धा करू शकतो.

२९ जुलै १९४८ रोजी लंडन येथे ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर तिरंदाजीची एक लहानशी स्पर्धा भरली. तीत १४ पुरुष व २ स्त्रिया, असे अवघे १६ स्पर्धक होते. एक संघ रुग्णालयाचा होता, व दुसरा रिचमंड येथील ‘स्टार अँड गार्टर’ या अपंग माजी सैनिकांच्या आश्रमाचा. १९५२ साली हॉलंडचा संघ आला, तेव्हा या सामन्यांस आंतरराष्ट्रीय रूप आले. १९६० साली रोम येथे ऑलिंपिकपाठोपाठ हे सामने भरले, तेव्हा २३ देशांतून सुमारे ४०० खेळाडू आले होते. यांसच आज पहिले पॅरालिंपिक सामने मानतात.

आरंभी हे सामने मज्जारज्जूच्या दुखापतीमुळे खुर्चीत आलेल्यांपुरतेच होते. हात किंवा पाय कापावा लागलेले व दृष्टिहीन खेळाडू १९७६ साली टोरँटो येथे प्रथमच सामील झाले. १९८८ साली सोल येथे ऑलिंपिकच्याच क्रीडांगणांवर पॅरालिंपिक सामने झाले, व १९८९ साली आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीची स्थापना झाली. स्वतः गुटमन १९८० साली निवर्तले. हे पुढील वैभव त्यांनी पाहिले नाही. १६ स्पर्धकांच्या त्या लहान मेळाव्यावर त्यांचा विश्वास होता, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या कार्याची सुरुवात लहान आहे, ते कार्य लहानच राहते असे नाही.

३. महाराष्ट्रातील एक उदाहरण

भारताने या सामन्यांत प्रथम भाग घेतला तो १९६८ साली, तेल अवीव येथे. त्या पथकात सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे १९४४ साली जन्मलेले मुरलीकांत पेटकर हे होते. लहानपणी कुस्तीची आवड, पुढे सैन्यात भरती, तेथे मुष्टियुद्धात नाव, असा त्यांचा क्रम होता. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, व एक गोळी पाठीच्या कण्यात जाऊन बसली. कमरेखालचे शरीर निकामी झाले.

मुंबई येथील नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. पोहण्याचा व्यायाम हा त्या उपचाराचाच एक भाग होता. पाणी शरीराचा भार उचलून धरते. त्यामुळे जमिनीवर ज्यांचे पाय साथ देत नाहीत, त्यांस पाण्यात हातांच्या बळावर मोकळेपणी हालचाल करता येते. जो व्यायाम औषध म्हणून सुरू झाला, तोच पेटकर यांचा खेळ झाला. १९६८ साली ते टेबल टेनिस खेळले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथील सामन्यांत त्यांनी ५० मीटर मुक्तशैली पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली, आणि पॅरालिंपिकमधील भारताचे पहिले सुवर्णपदक मिळविले.

या यशाच्या मागे लोकांचे साहाय्यही होते. परदेशच्या प्रवासाचा खर्च अशा खेळाडूंस परवडणारा नव्हता. प्रख्यात क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी अपंगांच्या कार्यात लक्ष घातलेले होते. त्यांनी या कामी मदत केली. एका खेळातील थोर पुरुषाने दुसऱ्या खेळातील धडपडणाऱ्यास हात द्यावा, हे उदाहरण मुलांस अवश्य सांगावे. पेटकर यांच्या पदकाची शासनदरबारी योग्य नोंद होण्यास मात्र फार वर्षे लागली. २०१८ साली, म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी, त्यांना पद्मश्री देण्यात आली.

याच सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी यांचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. शाळकरी वयात सायकलवरून पडून झालेल्या दुखापतीने त्यांच्या एका हातास कायमचे अपंगत्व आले. २०२४ साली पॅरिस येथील पॅरालिंपिक सामन्यांत त्यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळविले. त्या सामन्यांत भारतास एकूण २९ पदके मिळाली. पेटकर यांच्या एका पदकापासून येथपर्यंतचा हा प्रवास आहे.

४. साधने आणि लोकांचे औदार्य

अपंग मनुष्याच्या खेळात साधनास मोठे महत्त्व असते. पुणे येथील कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी स्थापन झाले. १९६८ साली जयपूर येथे शल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबर व लाकूड यांचा उपयोग करून एक पाऊल तयार केले. तेच पुढे ‘जयपूर फूट’ या नावाने प्रसिद्ध झाले. परदेशी बनावटीचे पाऊल बुटात घालण्यासाठी केलेले असे. ते घालून उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, की चिखलातून अनवाणी चालता येत नसे. जयपूरचे पाऊल आपल्या शेतकऱ्याच्या राहणीस जुळणारे होते. १९७५ साली स्थापन झालेली ‘भगवान महावीर विकलांग सहायता समिती’ ही संस्था देणग्यांच्या बळावर असे पाय गरजूंस विनामूल्य बसवून देत आली आहे. पुण्याजवळ खडकी येथे १९७४ साली स्थापन झालेल्या पुनर्वसन केंद्रात मज्जारज्जूस इजा झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केले जाते. तेथेही खेळास मानाचे स्थान आहे.

तथापि चालण्याचा पाय निराळा आणि धावण्याचा पाय निराळा. धावण्यासाठी कार्बनच्या तंतूंची वाकविलेली पट्टी वापरतात. पाऊल टेकताच ती दबते व उचलताना उसळून शरीरास पुढे ढकलते, जसे दाबलेल्या कमानीचे होते. अमेरिकेतील व्हॅन फिलिप्स यांनी ही रचना पुढे आणली. १९७६ साली पाण्यावरील एका खेळात झालेल्या अपघातात त्यांचा स्वतःचा पाय गेलेला होता. हे साधन महाग असते, आणि हीच अडचण अनेकांस खेळापासून दूर ठेवते.

या अडचणीतूनच एक धर्मादाय संस्था कशी उभी राहिली, ते पाहण्यासारखे आहे. जिम मॅक्लारेन या अमेरिकन तरुणाचा एक पाय १९८५ साली अपघातात गुडघ्याखाली गेला होता. पोहणे, सायकल व धावणे अशा तिहेरी शर्यतीत तो तरीही भाग घेत असे. १९९३ साली अशाच एका शर्यतीत वाहनाची धडक बसून त्याच्या मानेस दुखापत झाली, व हातापायांची शक्ती गेली. त्याच्यासाठी एक खास वाहन घ्यावे म्हणून त्याच्या मित्रांनी १९९४ साली कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे शर्यत भरविली व वर्गणी गोळा केली. अपेक्षेपेक्षा अधिक रक्कम जमली. त्याच प्रसंगी पाय गमावलेल्या काही स्त्रियांनी त्यांस सांगितले की, चालण्याच्या पायाचा खर्च विमा कंपनी देते, पण खेळण्याच्या पायाचा देत नाही, कारण खेळ ही तिच्या लेखी गरज नव्हे. मित्रांनी कार्य तेथेच थांबविले नाही. १९९७ साली त्यांनी ‘चॅलेंज्ड अ‍ॅथलीट्स फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली. धावण्याचे पाय, खेळाच्या खुर्च्या, शिक्षण व स्पर्धेस जाण्याचा खर्च यांसाठी ती अपंगांस साहाय्य देते.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे. येथे दान आहे, पण कीव नाही. कीव करणारा मनुष्य अपंगास म्हणतो, ‘तू बस, तुझ्यासाठी आम्ही करू.’ साहाय्य करणारा म्हणतो, ‘तुला करावयाचे आहे, त्यास काय कमी पडते ते सांग.’ पहिल्याने उपकाराचे ओझे वाढते. दुसऱ्याने मनुष्य उभा राहतो. शाळेने दुसरा मार्ग धरावा.

५. बरोबरी कशी साधतात

एक हात नसलेला व दोन्ही पाय नसलेला, अशा दोघांची स्पर्धा न्याय्य कशी होईल, असा प्रश्न स्वाभाविकपणे येतो. त्यासाठी खेळाडूंचे वर्ग पाडलेले आहेत. अक्षर खेळाचा प्रकार दाखविते, व आकडा अपंगत्वाचे स्वरूप दाखवितो. उदाहरणार्थ, ‘एफ ४६’ हा फेकीच्या खेळातील, हाताचे अपंगत्व असलेल्यांचा वर्ग होय. देवेंद्र झाझडिया यांचा डावा हात लहानपणी झाडावर चढताना विजेच्या तारेस लागून गेला. त्यांनी याच वर्गात २००४ व २०१६ साली भालाफेकीत सुवर्णपदक मिळविले. ‘एफ ६४’ या वर्गात गुडघ्याखाली कृत्रिम पाय लावून फेक करणारे येतात. त्यात सुमित अंतिल यांनी टोकियो येथे, व पुन्हा २०२४ साली पॅरिस येथे ७०.५९ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळविले.

सांघिक खेळात ही बरोबरी निराळ्या युक्तीने साधतात. खुर्चीवरील बास्केटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूस त्याच्या हालचालीच्या शक्तीनुसार १ ते ४.५ असे गुण दिलेले असतात, आणि मैदानावरील पाच जणांची बेरीज १४ पेक्षा अधिक होता कामा नये. त्यामुळे कमी शक्तीचा खेळाडूही संघास हवाहवासा वाटतो. त्याला घेतल्यावाचून संघच पुरा होत नाही. टोपलीची उंची मात्र ३.०५ मीटर, म्हणजे इतरांच्या खेळाइतकीच असते.

नियम बदलला तर तो खरा खेळ राहील काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर आपल्या लंगडीच्या खेळातच आहे. पळणारे दोन पायांवर पळतात व धरणारा एका पायावर उड्या मारीत त्यांस गाठतो. दुसरा पाय त्यालाही आहे. परंतु तो टेकावयाचा नाही असे सर्वांनी ठरविलेले असते, आणि त्या ठरावातच खेळाची गंमत आहे. प्रत्येक खेळ म्हणजे सर्वांनी राजीखुशीने पत्करलेले बंधनच होय. मग ते बंधन असे का ठरवू नये की, ज्यायोगे वर्गातील प्रत्येकास खेळता येईल ?

६. आपल्या शाळेत काय करता येईल

पुढील सूचना कमीत कमी साधनांत अमलात आणण्याजोग्या आहेत.

(अ) बैठा व्हॉलीबॉल. हा खेळ हॉलंडमध्ये १९५६ च्या सुमारास सुरू झाला. त्याचे मैदान १० मीटर लांब व ६ मीटर रुंद असते. जाळ्याची उंची पुरुषांसाठी १.१५ मीटर व स्त्रियांसाठी १.०५ मीटर असते. लहान मुलांसाठी ती आणखी कमी करावी. चेंडू मारताना बैठक जमिनीवरून उचलावयाची नाही, हा मुख्य नियम. सर्व वर्ग जमिनीवर बसला की, पायाने अधू असलेले मूल व इतर मुले एका पातळीवर येतात. जाळ्याच्या जागी दोरी किंवा जुने धोतर चालते, व हलका चेंडू घेता येतो. मैदानातील खडे व काटे आधी वेचून घ्यावे.

(आ) फेकीचे व नेमाचे खेळ. लगोरीतील नेम धरणे, रिंग टाकणे, आखलेल्या वर्तुळात चेंडू फेकणे, हे खेळ खुर्चीवर किंवा स्टुलावर बसून खेळता येतात. सर्वच मुलांस बसून फेकावयास लावावे. मग कोणी वेगळा दिसत नाही.

(इ) धावण्याच्या खेळात जोडी. लगोरी किंवा चेंडूफळी यांत अपंग मुलाने चेंडू मारावा व त्याच्या जोडीदाराने धावावे. जोडीदार दर वेळी बदलावा, म्हणजे मदत हे एकाच मुलाचे काम न राहता वर्गाची रीत होईल.

(ई) बैठे खेळ. कॅरम, गोट्या, सागरगोटे, बुद्धिबळ हे आहेतच. परंतु अपंग मुलास नेहमी बैठ्या खेळांतच बसविणे हाही ओसरीवर बसविण्याचाच एक प्रकार आहे, हे शिक्षकाने विसरू नये. अंगास घाम येईल असा खेळ त्यालाही हवा असतो.

(उ) मुलास विचारणे. काय जमेल व काय जमणार नाही, हे त्या मुलास शिक्षकापेक्षा अधिक ठाऊक असते. नियम ठरविताना प्रथम त्याचे मत घ्यावे, व ते चारचौघांत न विचारता आधी एकांतात विचारावे.

दक्षतेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. पालकांशी बोलून व डॉक्टरांचा सल्ला घेऊनच श्रमाच्या खेळास आरंभ करावा. कृत्रिम पाय वापरणाऱ्या मुलाच्या पायाचा उरलेला भाग खेळानंतर तपासून पाहावयास सांगावे. तेथे लाली किंवा फोड आला असेल, तर तो बरा होईपर्यंत खेळ थांबवावा. मूल वाढते, पण कृत्रिम पाय वाढत नाही. तो आखूड किंवा घट्ट झाला की चाल बिघडते. म्हणून शिक्षकाच्या ध्यानात आल्याबरोबर पालकांस कळवावे व तो बदलून मिळण्याची व्यवस्था पाहावी. ज्याच्या पायांस संवेदना नाही, अशा मुलास तापलेली फरशी किंवा टोचणारा खडा कळत नाही. त्याची काळजी इतरांनी घ्यावी. खुर्चीत बसणाऱ्या मुलाने अधूनमधून हातांवर भार घेऊन अंग उचलावे. कुबडीच्या टोकाचे रबर झिजलेले असल्यास ती ओल्या फरशीवर घसरते. ते वेळीच बदलावे.

भाषेची दक्षता याहून कमी महत्त्वाची नाही. मुलाच्या व्यंगावरून पडलेले नाव वर्गात ऐकू आले, तर ते तेथल्या तेथे थांबवावे. त्याचबरोबर अवाजवी कौतुकही टाळावे. चेंडू एकदा झेलला म्हणून सर्व वर्गाने टाळ्या पिटाव्या, हे इतर मुलांच्या वेळी होत नाही. मग त्याच्याच वेळी का व्हावे? खेळ चांगला झाला तर शाबासकी, चुकला तर दुरुस्ती, आणि हरला तर हार, हेच त्याचे खरे समाधान आहे.

७. हक्क आणि कर्तव्य

एके काळी आपल्या शाळांतील पुष्कळ मुलांचे अपंगत्व पोलिओमुळे आलेले असे. २०१४ साली भारत पोलिओमुक्त असल्याचे घोषित झाले, ही मोठी समाधानाची गोष्ट होय. परंतु जन्मजात व्यंग, मेंदूचा पक्षाघात, रस्त्यावरील व शेतावरील अपघात, विजेचा धक्का यांमुळे अपंगत्व येतच आहे, आणि अशी मुले आपल्या शाळांत येत आहेत.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील १६ व्या कलमाने शिक्षणसंस्थांवर असे बंधन घातले आहे की, दिव्यांग मुलांस भेदभावावाचून प्रवेश द्यावा आणि शिक्षणाबरोबर खेळ व मनोरंजन यांची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी. ३० वे कलम क्रीडाविषयक तरतुदींचेच आहे. म्हणजे अपंग मुलाने मैदानात उतरावे की नाही, हा शिक्षकाच्या मर्जीचा अथवा दयेचा प्रश्न राहिलेला नाही. तो मुलाचा हक्क आहे.

सर्वच मुले पदके मिळवितील असे नाही. धडधाकट मुलेही मिळवीत नाहीत. पदक हा खेळाच्या तासाचा हेतूच नव्हे. गुटमन यांनी रुग्णांच्या हाती धनुष्य दिले, तेव्हा त्यांच्यापुढे पदके नव्हती. या माणसांनी पुन्हा घरी, कामावर आणि समाजात जावे, एवढेच होते. आपल्या शाळेतील मुलासंबंधीही तेवढेच पुरे आहे. ते घामाघूम होऊन, गुडघ्याला माती लागलेले, कोण हरले व कोण जिंकले यावर सोबत्यांशी वाद घालीत घरी गेले, म्हणजे त्या दिवशीचा पाठ साधला असे समजावे.

८. शिक्षकांच्या गटसंमेलनात चर्चेसाठी प्रश्न

(१) स्टोक मँडव्हिल येथे खेळ हा उपचाराचा भाग कसा झाला ? तिरंदाजीस विशेष स्थान का मिळाले ?

(२) परदेशी बनावटीचे पाऊल व जयपूरचे पाऊल यांतील फरकावरून, साधन निवडताना कोणत्या गोष्टींचा विचार करावा असे दिसते ?

(३) खुर्चीवरील बास्केटबॉलमधील १४ गुणांच्या मर्यादेचा हेतू काय ? तोच हेतू मनात धरून कबड्डी किंवा खो-खो यांत कोणता फेरफार करता येईल ?

(४) दान व कीव यांतील भेद आपल्या गावातील एखाद्या उदाहरणाने स्पष्ट करा.

(५) आपल्या शाळेतील दिव्यांग मुलांची यादी करून, गेल्या महिन्यात खेळाच्या तासास त्यांतील प्रत्येकाने काय केले ते लिहा. आणि पुढील महिन्यात ते काय करतील, हे त्यांना विचारून लिहा.